ओके म्हणजे 'बरं', 'छान' नव्हे: इंग्रजी नव्याने बोलणाऱ्यांसाठी

डिप्लोमा झाल्यावर पहिली चार वर्षं मी भोसरीत एका वर्कशॉपला क्यूसीत, म्हणजे माल तपासायच्या कामावर होतो. तिथे दिवसभर तोंडात एकच शब्द. जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला भाग, गेजमध्ये, म्हणजे माप तपासायच्या साच्यात बसला, ओके. नाही बसला तर रिवर्क नाहीतर रिजेक्ट. हिरवा टॅग लागला की माल पुढे, मग त्यावर कुणी वाद घालत नाही. त्यामुळे ओके म्हणजे शंभर टक्के पास हे डोक्यात असं काही घट्ट बसलं की पुढे दुसरीकडे एक्स्पोर्टच्या कामाला लागलो आणि इंग्लंडच्या एका कस्टमरने मोठ्या हौसेने नव्या पॅकिंगचं डिझाइन पाठवलं तेव्हा मी त्याला उत्तर दिलं, 'युअर डिझाइन इज ओके'. मला म्हणायचं होतं की मस्त झालंय, पुढे जाऊ द्या. त्याचा उलट मेल आला की नक्की काय आवडलं नाही ते स्पष्ट सांगा, आम्ही बदलतो. मग मी म्हटलं नो नो इट इज ओके ओन्ली, आणि गोंधळ अजून वाढला. तीन मेल गेले त्यात.

तेव्हा जे कळलं ते इथे लिहितोय. नवीन जॉबला लागलेली, बाहेरच्या क्लायंटशी बोलायला लागलेली किंवा शिकायला परदेशात निघालेली मुलं हा शब्द सगळ्यात जास्त वापरतात आणि तो येतो असं धरूनच चालतात, म्हणून त्याच्याकडे कुणी लक्षच देत नाही. प्रेझेंट परफेक्ट चुकला तर समोरचा समजून घेतो हो, ओके चुकलं तर माणूस दुखावतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

पायरी १: आधी 'बरं' ठेवून बघा

शाळेत आपल्याला ओके म्हणजे 'ठीक आहे' असं सांगितलेलं असतं. चूक नाही ते, पण माझ्या मते त्याहून चांगला जोडीदार आपल्याकडे आहे, तो म्हणजे 'बरं'. जरा आठवून बघा आपण 'बरं' किती ठिकाणी वापरतो. आई म्हणाली येताना दूध आण, आपण म्हणतो बरं. मीटिंग सुरू करताना, बरं, मग काय ठरलं. आजाऱ्याला विचारताना, बरं वाटतंय का. सिनेमा कसा होता, बरा होता. फोन ठेवताना, बरं मग, ठेवतो. या पाचही जागी इंग्रजीत ओके चपखल बसतं, आणि मुख्य म्हणजे भावही तोच राहतो.

यातला सिनेमावाला 'बरा' नीट लक्षात ठेवा. कुणी तुमच्या हातची भाजी खाऊन 'बरी झालीय' म्हणालं तर तुम्ही खूश होता का? नाही ना. 'इट वॉज ओके' म्हणजे अगदी तेवढंच. वाईट नाही, पण पुन्हा वाढून घेणार नाही.

जिथे मराठीत तोंडातून 'छान', 'मस्त', 'भारी' आलं असतं तिथे ओके वापरू नका. तिथे 'ग्रेट', 'लव्हली', 'आय रिअली लाइक इट', काहीही म्हणा, पण ओके नको. मी त्या कस्टमरला 'लुक्स ग्रेट, प्लीज गो अहेड' एवढं लिहिलं असतं तरी विषय तिथेच संपला असता.

मग आपण मराठी लोक इथे का घसरतो? कारण आपण ओके उचललं आणि मराठीत आणून त्याला बढती दिली. 'एकदम ओके' म्हणजे आपल्याकडे फर्स्ट क्लास. २०२२ च्या जूनमध्ये सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' म्हणाले आणि त्याला जोडून ते 'ओक्के' आलं, तेव्हा त्यांना सगळं बरंय असं म्हणायचं होतं असं कुणालाच वाटलं नाही, झकास चाललंय असंच सगळ्यांनी ऐकलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी 'पन्नास खोके, एकदम ओके' सुरू केलं, तिथेही ओके म्हणजे मजेत. राजकारण बाजूला ठेवा, मुद्दा एवढाच की मराठीतलं 'ओक्के' दोन क आणि दणका देऊन म्हटलं की कौतुक होतं, इंग्रजीत तुम्ही कितीही दणका द्या, 'बरं'च्या वर ते फारसं चढत नाही. 'परफेक्टली ओके', 'टोटली ओके' म्हटलंत तरी अर्थ 'काहीच हरकत नाही' इतकाच.

पायरी २: हा शब्द आला कुठून ते एकदा वाचून घ्या

इतिहास कशाला असं वाटेल, पण तो कळला की वरची पायरी पाठ करावी लागत नाही.

ओके छापलेलं पहिल्यांदा सापडतं ते २३ मार्च १८३९ च्या बॉस्टन मॉर्निंग पोस्ट या अमेरिकन पेपरात, दुसऱ्या पानावर एका चेष्टेच्या मजकुरात. तेव्हा बॉस्टनच्या पेपरवाल्यांमध्ये आद्याक्षरांचं खूळ होतं. आपल्याकडे पत्रात सा. न. वि. वि., ता. क., मु. पो. चालायचं तसं, फक्त यांनी त्यात एक खोडी केली, ती म्हणजे स्पेलिंग मुद्दाम अडाण्यासारखं चुकवायचं आणि मग त्याची आद्याक्षरं घ्यायची. 'ऑल करेक्ट'ची खरी आद्याक्षरं ए आणि सी, पण कानाला ऐकू येतं तसं लिहिलं तर ऑल ओ ने सुरू होतं आणि करेक्ट के ने. झालं ओ. के.! तसंच 'ऑल राइट'चं ओ. डब्ल्यू. केलं होतं, 'नो यूज'चं के. वाय. केलं होतं. हे सगळे मेले, ओके तेवढं जगलं.

जगलं त्यामागे निवडणूक आहे. १८४० ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरन पुन्हा उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहुक, म्हणून टोपणनाव ओल्ड किंडरहुक, त्याचीही आद्याक्षरं ओके, मग कार्यकर्त्यांनी ओके क्लब काढले. विरोधकांनी उलटी टर उडवली की ओके हे आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचं काम, त्यांना स्पेलिंग येत नव्हतं म्हणून ते कागदांवर असं लिहायचे. ती थाप होती, पण चांगली थाप खऱ्या गोष्टीपेक्षा जास्त फिरते. व्हॅन ब्युरन पडले, शब्द निवडून आला.

हे सगळं खोदून काढलं कोलंबिया विद्यापीठातल्या ॲलन वॉकर रीड या प्राध्यापकांनी, १९६३-६४ मध्ये, जुने पेपर चाळून. त्याआधी आणि त्यानंतरही ढीगभर कथा आहेत. चॉक्टॉ या मूळ अमेरिकन लोकांच्या भाषेतल्या शब्दावरून आला, ग्रीक 'ओला काला'वरून आला, लढाईत शून्य मेले म्हणून आला. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना चॉक्टॉवाली पटली होती, म्हणून ते कागदावर आपलं वेगळंच ओ-के-ई-एच असं लिहायचे. व्हॉट्सॲपवर तुम्हाला यातली एखादी येईलच, तेव्हा वाद घालत बसू नका, फक्त २३ मार्च १८३९ ही तारीख सांगा.

आता बघा, जन्मापासून अर्थ काय, तर 'सगळं बरोबर'. म्हणजे मास्तरांनी वहीत मारलेली बरोबरची खूण, शाबासकी नव्हे. माझ्या वर्कशॉपचा हिरवा टॅग त्याच जातीचा होता, मीच त्याला शाबासकी समजून बसलो होतो. जॉब मापात आहे एवढंच तो टॅग सांगायचा, जॉब देखणा आहे असं नाही.

पायरी ३: समोरच्याने ओके म्हटलं म्हणजे होकार मिळाला असं धरू नका

एकोणिसाव्या शतकातच अमेरिकेत रेल्वेच्या तारखात्यातल्या ऑपरेटरांनी ओके उचललं, कारण दोन अक्षरांत काम होतं. तिथे त्याचा अर्थ होता तुमची तार पोचली. ती पटली की नाही हा ऑपरेटरचा विषयच नाही.

हा 'पोचलं' वाला अर्थ आजही जिवंत आहे आणि मीटिंगमध्ये सगळे त्यातच फसतात. तुम्ही सांगताय की डिलिव्हरी दोन आठवडे पुढे जाईल, समोरून ओके, तुम्ही पुढे सांगताय, पुन्हा ओके, आणि कॉल संपल्यावर तुम्ही साहेबांना सांगता क्लायंटने मान्य केलं. त्याने काहीही मान्य केलेलं नसतं, तो नुसता ऐकत होता, आपण फोनवर हं हं करतो तसं. होकार पाहिजे असेल तर सरळ विचारा, 'सो आर यू ओके विथ द न्यू डेट?' आणि त्याच्या तोंडून यस येऊ द्या. मग तो मेलवर टाका.

कंप्युटरवरचं ओके बटणही याच कुळातलं, 'वाचलं, पुढे चल' एवढंच. त्याचा एक किस्सा आहे. ॲपलचा लिसा नावाचा कंप्युटर १९८३ ला आला, तो बनत असताना या बटणावर आधी 'डू इट' लिहिलेलं होतं. चाचणीला बसवलेल्या एका माणसाला मधली जागा दिसली नाही, 'इट'चा मोठा आय त्याला लहान एल वाटला, त्याने ते 'डोल्ट' असं वाचलं, म्हणजे मठ्ठ, आणि तो चिडला की मशीन मला मठ्ठ का म्हणतंय. मग तिथे ओके आलं.

पायरी ४: सूर ओळखा

हे लिहून समजावणं अवघड आहे पण प्रयत्न करतो, तुम्ही मोठ्याने म्हणून बघा.

आखूड आणि खाली उतरणारं 'ओके' म्हणजे ठरलं. शेवटी वर गेलेलं 'ओके?' म्हणजे कळलं ना, आपलं 'बरं का' जवळपास. लांबवलेलं 'ओकेऽऽ' आलं की सावध व्हा, त्याला पटलेलं नाही, 'असंऽऽ होय' म्हणतो ना आपण, तसलं. 'ओके ओके ओके' असं पटपट तीनदा म्हणजे एकतर पुरे झालं कळलं मला, किंवा समोरचा चिडलाय आणि हा त्याला शांत करतोय. आणि वाक्याच्या सुरुवातीला 'ओके, सो' म्हणजे नवा विषय, आपलं 'बरं, तर'. या शेवटच्याची सवय लावून घ्या, प्रेझेंटेशन देताना एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना 'नाऊ आय विल टेल यू अबाउट' म्हणण्यापेक्षा 'ओके, सो नेक्स्ट' किती सुटसुटीत. पण प्रत्येक वाक्याला लावलं तर तो चाळा होतो, मला होता, एका सिनियरने मोजून दाखवला होता.

पायरी ५: चार साचे तोंडात बसवा

परवानगी मागायची तर 'इज इट ओके इफ आय जॉइन टेन मिनिट्स लेट?' यात 'इफ' नंतर साधं वाक्य, फार डोकं लावू नका. आपली मुलं 'कॅन आय प्लीज काइंडली' करत बसतात, त्यापेक्षा हे नम्र आणि सोपं आहे.

दुसरा साचा विचारपूस. कुणी पडलं, रडलं, गप्प बसलं तर 'आर यू ओके?' म्हणजे बरी आहेस ना. चांगल्या हसऱ्या माणसाला मात्र सकाळी सकाळी हे विचारू नका, त्याला वाटेल माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं याला. इंग्लंडमध्ये 'यू ऑलराइट?' हा रोजचा नमस्कार आहे, त्याला तब्येतीचं उत्तर द्यायचं नसतं, पण 'आर यू ओके?' मात्र खरा प्रश्न असतो.

तिसरा साचा म्हणजे सगळ्यात मोठा फसवा. कुणी चहा विचारला आणि समोरचा म्हणाला 'आय ॲम ओके, थँक्स', तर ते नको आहे. माझ्या एका मित्राने हे ऐकून खुशाल कप भरला, त्याला वाटलं हा म्हणतोय चालेल. उलटही होतं, पाहुणे म्हणून गेलात, कडकडून भूक लागलीय, विचारलं काही खाणार का आणि तुम्ही लाजून 'ओके ओके, आय ॲम ओके' म्हणालात तर उपाशी झोपाल, कारण तिथे आपल्यासारखा तीनदा आग्रह करायची पद्धत नाही. हवं असेल तर 'यस प्लीज'.

चौथा, सॉरीला उत्तर. कुणी सॉरी म्हटलं तर 'दॅट्स ओके' एकदम बरोबर. पण थँक यूला 'इट्स ओके' नको, आपल्याकडे सगळे सर्रास म्हणतात, मीही म्हणायचो. बाहेरच्याला ते असं ऐकू येतं की जाऊ दे, माफ केलं. त्याने आभार मानलेत, चूक कबूल केलेली नाही. तिथे 'यू आर वेलकम' किंवा 'नो प्रॉब्लेम'.

ओके क्रियापदही होतं. 'शी ओकेड द बजेट' म्हणजे तिने बजेट मंजूर केलं. नामही होतं, 'वी गॉट द ओके', आपल्या 'साहेबांचा ओके आला' सारखंच. आणि 'हाऊ इज ही डूइंग?' 'ही इज डूइंग ओके', इथेही तेच, बरं चाललंय त्याचं.

पायरी ६: टाइप करताना

मोठ्या लिपीत नुसती दोन अक्षरं लिहा किंवा ओ-के-ए-वाय असं चार अक्षरी लिहा, दोन्ही बरोबर. एका मेलमध्ये दोन्ही मिसळू नका एवढंच. पहिलं अक्षर मोठं आणि दुसरं लहान असंही लोक लिहितात, चॅटवर चालून जातं. क्रियापदाचा भूतकाळ लिहायचा असेल तर चार अक्षरीच घ्या आणि पुढे ई-डी लावा, दोन अक्षरीला वरती स्वल्पविराम ठेवून डी लावावा लागतो, तो विचित्र दिसतो.

चॅटवर नुसतं एक अक्षर 'के' पाठवू नका. का माहीत नाही... नाही, माहितीय, दोन अक्षरं टाइप करायचाही तुझ्यासाठी कंटाळा आला असा त्याचा अर्थ होतो. 'के' नंतर पूर्णविराम दिला तर भांडणच समजा. गंमत म्हणजे तेच दोनदा, 'केके', केलं की गोड वाटतं. ऑफिसच्या मेलला नुसतं ओके हे उत्तरसुद्धा कोरडं वाटतं, पुढे एक तुकडा जोडा, 'ओके, थँक्स, आय विल चेक बाय फाइव्ह'. टेंडर, करार, थिसिस, प्रोजेक्ट रिपोर्ट यात मात्र ओके नकोच, तिथे 'ॲप्रूव्हड' किंवा 'ॲक्सेप्टेबल' असा शब्द घ्या.

आणि 'ओके बूमर' मजेत म्हणूनही मोठ्यांना पाठवू नका. २०१९ ला न्यूझीलंडच्या संसदेत तरुण खासदार क्लोई स्वॉरब्रिक हवामानावर बोलत असताना मध्ये कुणी तरी ओरडलं, तिने न थांबता एवढंच म्हटलं आणि ते जगभर गेलं. 'हो हो आजोबा, कळलं' असा टोमणा आहे तो.

पायरी ७: हाताने ओके करताना दोनदा विचार

अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायची खूण आपल्याकडे 'भारी' म्हणून चालते. जपानमध्ये तोच गोल पैशांसाठी वापरतात, फ्रान्समध्ये त्याचा अर्थ शून्य, म्हणजे बिनकामाचं, असाही होतो, आणि ब्राझीलमध्ये ती सरळ शिवी आहे. अमेरिकेत काही वंशद्वेषी लोकांनी ती उचलली, म्हणून २०१९ पासून तिथल्या एका मोठ्या संस्थेच्या द्वेषचिन्हांच्या यादीत ती आहे. साधा वापर अजून चालतोच, पण ग्रुप फोटोत मुद्दाम करायची गरज नाही.

एक जागा अशी आहे जिथे ही खूण यायलाच पाहिजे. तारकर्ली-मालवणला स्कुबाला गेलात तर पाण्यात उतरायच्या आधी शिकवतात की बोटांचा गोल म्हणजे ओके. अंगठा वर केलात तर त्याचा अर्थ 'मला वर घेऊन चला'. माझ्याबरोबरचा एकजण मासे बघून खूश झाला, अंगठा दाखवला आणि दोन मिनिटांत होडीत.

ट्रकच्या मागचं 'हॉर्न ओके प्लीज' याच्यातलं ओके नक्की काय करतंय ते मला विचारू नका, त्याच्या कथा साबणापासून रॉकेलपर्यंत आहेत आणि एकही पक्की नाही. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ ला विनाकारण हॉर्न वाजतात म्हणून ते लिहायला बंदी घातली, तरी हायवेवर दिसतंच. इंग्रजी वाक्य म्हणून ते कुठे वापरू मात्र नका.

पायरी ८: फोन संपवताना

इंग्रजीत फोन एकदम बाय म्हणून संपत नाही. आधी एक ओके येतं, जरा खाली उतरलेलं, 'ओके... सो आय विल सेंड यू द फाइल'. त्यावर तुम्ही ओके, मग त्याचं अजून एक 'ओके, ग्रेट', मग बाय. पहिलं ओके आलं की समजा आवराआवर सुरू झाली. तुमचं काही राहिलं असेल तर तेव्हाच 'वन मोर थिंग' म्हणून घुसा, दुसऱ्या ओकेनंतर घुसलात तर समोरच्याचा हात लाल बटणावर गेलेला असतो. हे शिकायला मला कुठला क्लास लागला नाही, आमची आई रोज रात्री मावशीशी बोलते, 'बरं', मग 'बरं मग', मग 'बरं ठेवते' आणि दर वेळी पहिल्या दोन बरंच्या मध्ये अर्धा तास नवा विषय निघतो.